जुन्या जीपचा आवाज ओळखताना

जुनी जीप रोज चालवणाऱ्या माणसाला तिचे आवाज पाठ असतात. इंजिनाचा आवाज कोणता, फळक्यांचा कोणता, मागे टाकलेल्या पान्याचा कोणता, हे त्याला न पाहता कळते. आणि मग एखाद्या दिवशी या ओळखीच्या आवाजांत एक अनोळखी आवाज मिसळतो. कधी खालून घरघर येते, कधी कुईकुई, कधी गाडी सोडताना 'खट्' असा ठोका पडतो. गाडीत बसलेला प्रत्येक जण मग आपापले निदान सांगू लागतो. एक म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." दुसरा म्हणतो, "छे, मागचं हौसिंग बोलतंय." शेवटी गाडी गॅरेजात जाते, गिअरबॉक्स खाली उतरतो, पैसे पडतात, आणि गाडी घरी आली की तिच्याबरोबर आवाजही घरी येतो. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

हे टाळता येते. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. खडूचा तुकडा, एक सपाट रस्ता, एक सोबती आणि थोडा धीर एवढे पुरते. मात्र एक सवय आधी मोडावी लागते. आवाज आला की आपण विचारतो, "कुठून येतो?" खरे म्हणजे पहिला प्रश्न असा हवा, "केव्हा येतो?"

असे का, ते पाहा. जीपची चौकट लोखंडी. गिअरबॉक्स, दोन्ही अ‍ॅक्सल, पाटे, पत्रा, सगळे त्या चौकटीला बांधलेले. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने पळतो आणि फारसा न विरता पळतो. शाळेतल्या शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. लांब बाकाच्या एका टोकाला मुलाने कान लावायचा आणि दुसऱ्या टोकाला कोणी तरी नखाने खरवडायचे. आवाज कानाशीच झाल्यासारखा वाटतो. जीपमध्ये हेच होते. पुढच्या चाकाची घरघर चौकटीतून मागे जाते आणि मागच्या बाकाखालून आल्यासारखी वाटते. म्हणून जागेच्या बाबतीत कान फसतो. वेळेच्या बाबतीत सहसा फसत नाही.

आता या गाडीची रचना थोडक्यात ध्यानात घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. मुंबईत १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे रस्त्यावर आणली, आणि त्याच घडणीच्या व तिच्या वंशातल्या गाड्या पुढे अनेक दशके बनत राहिल्या. त्यामुळे डोंगरातल्या वाड्यांवर, बागायतीत, घाटाच्या गावांत आजही अशा जीप दिसतात. नावे आणि इंजिने निरनिराळी असली, तरी खालचा सांगाडा पुष्कळसा एकाच धर्तीचा असतो.

इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरच्या दांड्याशेजारी जे जादा दांडे असतात, ते याच पेटीचे. या पेटीतून दोन प्रॉपेलर शाफ्ट निघतात, एक मागे आणि एक पुढे. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधा असतो. त्याच्या आतल्या अधिक चिन्हासारख्या तुकड्याला मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात. शाफ्ट जिथे अ‍ॅक्सलला मिळतो तिथे डिफरन्शिअलचा गोल डबा असतो. त्यात लहान पिनियन मोठ्या क्राऊन चक्राला फिरवतो, आणि क्राऊन चाकांना.

हे डिफरन्शिअल कशाला, असे मुले विचारतील. त्यांना बैलगाडी दाखवावी. बैलगाडीचा आस फिरत नाही. त्यावर प्रत्येक चाक सुटे फिरते. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त अंतर जाते, आतले कमी जाते, आणि कोणाचे काही अडत नाही. जीपमध्ये दोन्ही चाकांना शक्ती द्यायची आणि तरी वळणावर त्यांना कमी-जास्त फिरू द्यायचे, हे दुहेरी काम डिफरन्शिअल करते. मात्र मागच्या आणि पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये असे काही सोयीचे यंत्र या जुन्या जीपमध्ये नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

'केव्हा' या प्रश्नाचे पहिले उत्तर मोजणीतून मिळते. जुन्या पेट्रोल जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ४३ दाते असत. म्हणजे चाकाचा एक फेरा होईपर्यंत प्रॉपेलर शाफ्टचे पाचाहून थोडे अधिक फेरे होतात. तुमच्या गाडीत हे प्रमाण थोडे वेगळे असेल, पण शाफ्ट चाकाच्या कैक पट फिरतो हे कायम. आता हिशोब करा. सोळा इंची रिंगवरच्या नेहमीच्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. गाडी ताशी १६ किलोमीटरने चालली, तर चाक सेकंदाला सुमारे २ फेरे घेते, शाफ्ट सुमारे ११, आणि क्राऊनचे सुमारे ८६ दाते पिनियनला लागून जातात.

हे तीन आकडे म्हणजे तीन वेगळे आवाज आहेत. सेकंदाला दोनदा होणारा आवाज आपण मोजू शकतो: 'धप्-धप्, धप्-धप्'. तो चाकाच्या घराण्यातला, म्हणजे टायर, ब्रेकचा ड्रम किंवा हब यांचा. सेकंदाला अकरा वेळा होणारा मोजता येत नाही. त्याची थरथर होते आणि ती पायाखालच्या पत्र्यात, बुडाखाली जाणवते. ती शाफ्टची. आणि सेकंदाला ८६ वेळा होणाऱ्या आवाजाचे ठोके उरतच नाहीत. त्याचा सूर बनतो, 'घूंऽऽ' असा. तो दात्यांचा. गाडीचा वेग दुप्पट केला की हा सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. ज्याला पेटीवर सा ओळखता येतो, त्याला हे सहज कळेल. उलट एखादा आवाज ठरावीक वेगालाच येत असेल आणि पुढे-मागे नाहीसा होत असेल, तर बहुधा तो दात्यांचा नव्हे. त्या वेगाला कोणता तरी पत्रा, नळी किंवा सैल बोल्ट घुमतो आहे.

ही मोजणी प्रत्यक्ष करण्याची सोपी रीत अशी. सपाट, मोकळ्या जागेवर गाडी उभी करा. एका टायरच्या बाजूला खडूने ठळक खूण करा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक सोडलेला; आत सुकाणूवर एक जाणता माणूस बसवा आणि त्याचा पाय ब्रेकजवळ असू द्या. आता चार-पाच जणांनी गाडी माणसाच्या चालीने ढकलायची आणि एकाने शेजारून चालत ऐकायचे. इंजिनाचा गोंगाट नसल्यामुळे बारीक आवाजही कानी येतात. खूण एकदा खाली येते तेवढ्यात आवाज एकदा झाला, तर दोष चाकाकडे शोधा. तेवढ्यात पाच वेळा किंवा त्याहून अधिक 'चिंव-चिंव' झाले, तर शाफ्टकडे पाहा. क्रॉसमधले ग्रीस संपून आतले सुईसारखे बारीक बेअरिंग कोरडे पडले असण्याचा संभव मोठा. हे काम चढ-उतारावर कधीही करू नका, आणि ढकलताना मुलांना गाडीच्या पुढे उभे राहू देऊ नका.

ढकलण्याने सगळेच आवाज उघडे पडत नाहीत, कारण काही आवाज ओझे आल्याशिवाय येत नाहीत. म्हणून पुढची परीक्षा रस्त्यावर. ती क्रमाने घ्यावी. क्रम सोडला की गोंधळ झालाच म्हणून समजा.

पहिली परीक्षा गाडी उभी असताना. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. घरघर ऐकू येते का? येत असेल तर क्लच पूर्ण दाबा. दाबताच ती थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग किंवा खालचा काउंटर शाफ्ट यांचा संशय घ्यावा, कारण क्लच दाबल्यावर ते फिरायचे थांबतात. उलट क्लच दाबताच आवाज सुरू झाला, तर बहुधा क्लचचे बेअरिंग झिजले आहे. आणि उभ्या गाडीत काहीच आवाज नसेल, तर एवढ्याने अर्धी मशागत झाली. आता चालत्या गाडीकडे वळायचे.

दुसरी परीक्षा रस्त्याची. डांबरी रस्त्यावर घरघर ऐका, मग त्याच वेगाने मऊ मातीच्या रस्त्यावर जा. आवाज बदलला किंवा गेला, तर तो टायरचा. खोल नक्षीचे टायर डांबरावर मोठ्याने गुणगुणतात, आणि नक्षी एका बाजूने झिजली असेल तर अधिकच. कैक हौसिंगे केवळ टायरच्या आवाजापायी उघडली जातात. चारही टायरांतली हवा आधी सारखी करा, मगच पुढे जा.

तिसरी परीक्षा गिअरची. सपाट रस्त्यावर एकच वेग ठेवून, म्हणजे समजा ताशी २५ किलोमीटर, वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहा. एकाच गिअरमध्ये आवाज आला, तर दोष त्या गिअरच्या चक्रांत. खालच्या सगळ्या गिअरमध्ये येतो पण सर्वांत वरच्या, सरळ जाणाऱ्या गिअरमध्ये येत नाही, तर काउंटर शाफ्टकडे बोट दाखवावे. कारण सरळ गिअरमध्ये शक्ती त्याच्यावरून जात नाही. आणि गिअर कोणताही असो, आवाज रस्त्यावरच्या वेगाबरोबरच चढत-उतरत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष समजा. दोष त्याच्या मागे आहे: ट्रान्सफर केस, शाफ्ट, अ‍ॅक्सल किंवा चाक. ही एक परीक्षा केली तरी गिअरबॉक्स उतरवण्याचा व्यर्थ खर्च पुष्कळदा वाचतो.

इथे एक सूचना. विलीज घडणीच्या ट्रान्सफर केसमध्ये मागच्या चाकांकडे जाणारी शक्तीही नेहमी एका मधल्या चक्रातून जाते. त्यामुळे थोडा 'घूं' आवाज या गाडीला जन्मापासूनच असतो. तो ऐकून घाबरू नये. पण तो वाढत चालला, दांड्याला हाताशी कंप लागू लागला, तर त्या मधल्या चक्राचा शाफ्ट आणि बेअरिंगे पाहून घ्यावीत.

चौथी परीक्षा पायाची. गाडी वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा, मग पाय हलका करून तोच वेग कसाबसा टिकवा, मग पाय पूर्ण काढा. ओढताना सूर येतो आणि पाय काढताच जातो, किंवा ओढताना शांत आणि पाय काढल्यावर सूर येतो, अशा वेळी क्राऊन-पिनियन किंवा पिनियनची बेअरिंगे यांच्याकडे लक्ष द्यावे. दात्याला दोन बाजू असतात. ओढताना एक बाजू लागते, सोडताना दुसरी. पाय कसाही ठेवला तरी घरघर तशीच राहते, तेव्हा चाकाचे किंवा अ‍ॅक्सलचे बेअरिंग असण्याचा संभव अधिक.

पाचवी परीक्षा वळणाची. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना गाडीचे ओझे उजव्या चाकांवर जाते. तेव्हा घरघर वाढली, तर उजव्या बाजूच्या चाकाचे बेअरिंग आधी तपासा. उजवीकडे वळताना वाढली, तर डाव्या बाजूचे. आवाज फक्त घट्ट वळणावरच येत असेल, तर डिफरन्शिअलमधली लहान चक्रे, ज्यांना मिस्त्री 'स्टार' म्हणतात, ती पाहावी लागतात. कारण सरळ रस्त्यावर ती आपसांत जवळजवळ फिरतच नाहीत.

सहावी परीक्षा जादा दांड्याची, म्हणजे फोर-व्हीलची. ती मातीच्या, निसरड्या किंवा मुरमाड रस्त्यावरच घ्यावी. आवाज पुढचा अ‍ॅक्सल जोडल्यावरच येतो का ते पाहा. येत असेल तर पुढचा शाफ्ट, पुढचे डिफरन्शिअल किंवा पुढच्या चाकांजवळचे आतले सांधे यांपैकी कोणीतरी बोलते आहे. सुकाणू वळवल्यावरच 'टक-टक-टक' असे होत असेल, तर चाकाजवळचा सांधा.

पण इथे एक फसगत आहे. पुढच्या हबवर अ‍ॅक्सल सुटा करण्याची सोय नसेल, तर टू-व्हीलमध्येही पुढची चाके पुढचे डिफरन्शिअल आणि पुढचा शाफ्ट फिरवीतच असतात. फक्त त्यांच्यावर ओझे नसते. म्हणून "फोर-व्हील काढलं आहे, म्हणजे आवाज पुढचा असूच शकत नाही," हे म्हणणे बरोबर नाही. पुढचा शाफ्ट पूर्ण काढून, टू-व्हीलमध्ये गाडी चालवून पाहिली तर शाफ्टचा आवाज बंद होतो. डिफरन्शिअल मात्र चाकांबरोबर तरीही फिरतच राहते. एवढा भेद ध्यानात ठेवला की पुढच्या शाफ्टचा दोष डिफरन्शिअलच्या माथी जात नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. मागच्या आणि पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअल नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात किंवा मातीत चाके थोडी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. मग सगळा ताण शाफ्ट आणि चक्रांत पिळासारखा साठतो. सुकाणू जड होते, गाडी अडखळते, 'कट्ट' असे आवाज येतात आणि दांडा बाहेर निघत नाही. पुष्कळ लोक समजतात, काही तरी मोडले. मोडलेले काही नसते. गाडी थोडी सरळ मागे घ्या, म्हणजे पीळ उतरतो आणि दांडा सुटतो. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले, किंवा निरनिराळ्या मापाचे, असतील तर हा ताण सरळ रस्त्यावरही साठतो. तेव्हा कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नये आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवावेत. अशा गाडीची ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

गाडी सोडताना किंवा गिअर बदलताना पडणाऱ्या 'खट्' या ठोक्याविषयी वेगळे सांगायला हवे. हा ठोका म्हणजे ठिकठिकाणी साठलेली सैलाई. थोडी क्रॉसमध्ये, थोडी शाफ्टच्या सरकत्या जोडात, थोडी दात्यांमध्ये. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून खाली जा. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा आणि वरखाली हलवा. सांध्याच्या आत क्रॉस हलताना दिसला, तर तो बदलायला झाला. त्याच वेळी शाफ्टच्या टोकाचे बोल्ट, अ‍ॅक्सलला पाट्यांशी धरून ठेवणारे यू-बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचे रबर पाहून घ्या. कधीकधी साऱ्या रामायणाचे मूळ एका सैल नटात असते.

खाली गेलातच तर तेलही पाहा. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअल यांना तेल भरण्याची आपापली बुचे असतात. भरायचे बूच उघडले की तेल साधारण त्या भोकाच्या काठाला टेकलेले असावे. ओढ्यानाल्यातून जाणाऱ्या जीपमध्ये पाणी आत शिरते. मग तेल दुधाळ दिसते. असे तेल वंगणाचे काम करीत नाही, ते काढून टाकावे. बोटाला लागलेला बारीक राखाडी लेप ही नेहमीची झीज. पण कपच्या, चमकणारे तुकडे लागले तर दाते किंवा बेअरिंग तुटते आहे. आणि एक जपायचे. अ‍ॅक्सलला लागणारे काही तेल गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना मानवत नाही. तेव्हा दुकानात "गिअरचं तेल द्या" एवढेच म्हणू नका. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक पेटीला कोणते तेल लिहिले आहे तेच मागा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही बूच उघडून पाहावेच. आवाज दाबण्यासाठी तेलात लाकडाचा भुसा टाकण्याची लबाडी जुनीच आहे.

दहा-बारा किलोमीटर चालवून आल्यावर चारही हबांवर हाताची पालथी बाजू आधी जवळ नेऊन, मग हलकेच लावून पाहा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या चाकाचे बेअरिंग तरी अडते आहे किंवा ब्रेक तरी घासतो आहे. इथे किती गरम याला महत्त्व नाही. इतरांपेक्षा किती गरम, याला आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. विलीजच्या मूळ घडणीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर लागत नाही. तो ट्रान्सफर केसच्या पाठीमागे, मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या मुळाशी एका ड्रमवर लागतो. खाली वाकून पाहा, तसा ड्रम दिसला तर तुमची गाडी त्या घडणीची. याचे दोन अर्थ होतात. एक, मागचा क्रॉस तुटला किंवा शाफ्ट निखळला, तर टू-व्हीलमध्ये इंजिनाची ओढ तर जातेच, पण हातब्रेकही त्याच क्षणी निकामी होतो. घाटात उभी केलेली गाडी तो धरू शकत नाही. शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर गाडी उलटण्याचाही धोका. म्हणून क्रॉसची चिंवचिंव ही किरकोळ कुरकुर समजू नये. ती थांबून तिच्या जागी ठोके आणि थरथर सुरू झाली, तर दोष बरा झालेला नाही. तो शेवटाला आलेला आहे. अशी गाडी माणसे भरून घाटात नेऊ नये.

दुसरा अर्थ जॅक लावणाऱ्यासाठी. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शिअल ते चाक मोकळे फिरू देते, आणि हातब्रेक ओढलेला असला तरी दुसरे, जमिनीवरचे चाक उलटे फिरू शकते. म्हणजे गाडी जॅकवरून पुढे सरकते. तेव्हा जॅक लावण्यापूर्वी जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय राहू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, आणि चाक उचललेले असताना इंजिन चालू करून आवाज ऐकण्याचा मोह टाळा.

हे सगळे एकत्र कसे वापरायचे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, वाडीवरच्या मुलांना शाळेत आणणाऱ्या जीपला ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास सूर लागतो, आणि कोणी सांगितले की गिअरबॉक्स गेला. उभ्या गाडीत आवाज नाही, म्हणून क्लच आणि पुढचे बेअरिंग सुटले. माती आणि डांबर दोन्हींवर सारखाच, म्हणून टायर सुटले. दोन गिअरमध्ये एकाच वेगाला तोच सूर, म्हणून गिअरबॉक्स सुटला. डावी-उजवीकडे झुलवून फरक नाही, म्हणून चाकांच्या बेअरिंगांवरचा संशय कमी झाला. ओढताना येतो, पाय काढताच जातो. म्हणजे क्राऊन-पिनियनच्या घरात या. मागचे बूच उघडले, तर बोट आत घालूनही तेल लागत नाही. आणि पिनियनजवळ तेलाचा ओघळ दिसतो. मूळ दोष पिनियनच्या झिजलेल्या सीलचा. सील बदलून योग्य तेल भरले तर दाते अजून शाबूत असल्यास काम भागेल. सूर तसाच राहिला तर मात्र डबा उघडावा लागेल. पण तो कोणता उघडायचा, हे आता ठाऊक आहे.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. गाडीत एक लहान वही ठेवा. आवाज आला की त्याच दिवशी सहा गोष्टी लिहा: वेग किती, गिअर कोणता, पाय दाबलेला की काढलेला, रस्ता सरळ की वळणाचा, फोर-व्हील लावलेले की नाही, आणि गाडी थंड की तापलेली. गावातल्या शिक्षकांनी यात मदत करावी. वरच्या वर्गातल्या मुलांना चाकाचा घेर मोजायला आणि शाफ्टचे फेरे काढायला लावले, तर गणिताचा एक धडा अंगणातच होईल.

मग गॅरेजात गेल्यावर संवादही बदलतो. "मिस्त्री, गाडी मागून ओरडतेय, काय ते बघा," असे म्हटले की मिस्त्रीला सगळेच उघडावेसे वाटणार, त्यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी असे म्हणा, "मिस्त्री, उभी असताना आवाज नाही. कुठल्याही गिअरमध्ये पस्तिसाला येतो. पाय काढला की जातो. वळणावर फरक नाही." जाणता मिस्त्री एवढे ऐकून हातातला पाना खाली ठेवील, आधी बूच उघडून तेल पाहील, आणि मगच कामाला लागेल.